तोंड बंद, कान उघडे

श्रीपादने महिपतरावांशी अबोला धरला त्याचं मूळ एका लग्नात होतं, आणि त्या लग्नाचा बँकेशी काडीचाही संबंध नव्हता. पण ग्वाल्हेरात मराठी माणसं मोजकी आणि त्यांचे मानापमान मोप. कुठली गोष्ट कुठे जाऊन चिकटेल हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

दोघं राहायला हरिशंकरपुरममध्येच, मध्ये दोन गल्ल्या. श्रीपाद माधवगंजच्या बँकेत कॉम्प्युटरच्या जाळ्याचा प्रमुख, म्हणजे कुठल्या शाखेची मशीन कुठल्या शाखेशी कशी जोडायची ते बघणारा. महिपतराव हेच काम सिटी सेंटरच्या बँकेत करायचे. बँका दोन, पण धंदा एक आणि दुखणीही तीच, त्यामुळे संध्याकाळी दोघं जोडीने फिरायला निघायचे आणि आपापल्या साहेबांच्या नावाने बोटं मोडत परत यायचे. श्रीपादची बायको इंदुताई आणि महिपतरावांच्या शांताताई यांचं तर बहिणी-बहिणींसारखं. श्रीपाद त्यांना वहिनी म्हणायचा आणि त्यांच्या हातचा चहा आपल्या घरच्यापेक्षा चांगला असतो हे इंदुताईंच्या देखत सांगायचा. असा शहाणा.

मग महिपतरावांच्या मुलीचं लग्न ठरलं. आपल्याकडे रीत कशी, नवराबायको दोघांनी घरी यायचं, कुंकू लावायचं, हातावर अक्षत द्यायची, आणि म्हणायचं की यायचं हं. महिपतरावांनी पत्रिका इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. सगळ्या मराठी ग्वाल्हेरला एकदम कळलं, त्यात श्रीपादलाही कळलं. इंदुताईंनी ब्लाउजसुद्धा शिवायला टाकला. श्रीपाद मात्र दाराकडे डोळे लावून बसला. आज येतील, उद्या येतील. कोणी आलं नाही. गावभर दवंडी पिटली तशी आपल्यालाही बातमी ऐकू आली म्हणून आपण जेवायला जायचं, आपण काय पंगत उठायची वाट बघणारे आहोत? तो लग्नाला गेला नाही आणि इंदुताईंनाही जाऊ दिलं नाही.

तिकडे महिपतरावांचं म्हणणं वेगळंच. घरच्या माणसाला कसली अक्षत? ज्याने मांडवाच्या दारात उभं राहून पाहुण्यांना या-बसा म्हणायचं, त्याला आमंत्रण द्यायला जायचं म्हणजे त्याला परका करायचं. आणि तोच आला नाही. मुलीकडच्या एवढ्या गर्दीत महिपतराव दर थोड्या वेळाने फाटकाकडे बघत होते, असं नंतर लोक सांगायचे. श्रीपादला ते कोणी सांगितलं नाही, कारण तोवर तो कोणाचं ऐकायच्या पलीकडे गेला होता.

घरात त्याने जाहीर केलं, त्या घराचं नाव या घरात निघता कामा नये, तिथली कुठलीही खबर माझ्या कानावर यायला नको. इंदुताई म्हणाल्या, बरं. बायको वाद न घालता नुसतं बरं म्हणाली की नवऱ्याने घाबरायला हवं. पण श्रीपादला या गोष्टी कधी कळल्याच नाहीत.

अशी काही वर्षं गेली. मग वरून हुकूम सुटला की दोन्ही बँका एक होणार. एक होणार म्हणजे काय, माधवगंजची सिटी सेंटरच्या पोटात जाणार. पाट्या उतरल्या, शिक्के बदलले. प्रत्येक गोष्ट दोन-दोन झाली होती. दोन चहावाले, दोन वसुली विभाग, आणि जाळ्याचे दोन प्रमुख. खुर्ची एकच. दुसऱ्याची रवानगी कुठल्यातरी शाखेत, श्योपूरचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. पंचावन्नाव्या वर्षी श्योपूरला खोली घेऊन राहायचं, स्वतःच्या हाताने पोळ्या लाटायच्या आणि काउंटरवर पासबुकं छापत बसायचं, या विचाराने श्रीपादची झोप उडाली. ही खुर्ची त्याला हवीच होती. रविवारी दोन्ही जाळी जोडून बघायची आणि सोमवारी निर्णय, असं त्याच्या कानावर आलं होतं.

आता जाळं जोडायचं म्हणजे काय ते थोडं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचा सगळा गोंधळ तुम्हाला माझाच वाटेल. प्रत्येक शाखेत राउटर नावाचा एक डबा असतो. डबरा गावच्या शाखेतून निघालेला निरोप भिंडच्या शाखेला कुठल्या वाटेने धाडायचा हे त्या डब्याला ठाऊक असावं लागतं. सगळ्या वाटा माणूस कुठवर लिहीत बसणार, म्हणून डबे आपापसात खबर देतात. माझ्याकडून डबऱ्याला जाता येतं, माझ्याकडून मुरैनाला. कुठल्या डब्याने कुठल्या डब्याला ही खबर द्यायची आणि कुणाला ताकास तूर लागू द्यायची नाही, हे ठरवणं डबे लावणाऱ्याच्या हातात. श्रीपादची सगळी हुशारी याच कामात होती.

माधवगंजच्या जुन्या पद्धतीत डबे ठराविक वेळाने मोठ्याने ओरडायचे, ज्याला ऐकू येईल त्याने ऐकावं. त्यात एक सोय होती. एखाद्या तारेवर डब्याला ‘पॅसिव्ह’ केलं की त्याने मिठाची गुळणी धरायची. तो त्या तारेवर बोलत नसे, पण दुसऱ्याचं सगळं ऐकत असे. बाहेरच्या कंपनीची तार आली की श्रीपाद डोळे झाकून हेच करायचा. तुमचं आम्हाला कळू दे, आमचं तुम्हाला नको. वीस वर्षं हे बिनबोभाट चाललं, आणि एवढी वर्षं चाललेली गोष्ट माणसाला निसर्गनियमच वाटायला लागते.

एकत्रीकरणात ठरलं की दोन्हीकडे सिटी सेंटरची नवी पद्धत लावायची. श्रीपाद कामाला वाघ. त्याने पुस्तक आणलं, रात्रंदिवस वाचलं, आणि आपल्या सगळ्या शाखांचे डबे एकेक करून बदलले. सगळे बिनचूक चालले. पुस्तकात ‘पॅसिव्ह’चंही एक प्रकरण होतं. ते त्याने उघडलंही नाही, कारण ते त्याला येत होतं.

आणि माधवगंज व सिटी सेंटरच्या मधली जी तार, तिच्यावर आपल्या बाजूच्या डब्याला त्याने गुपचूप पॅसिव्ह करून ठेवलं. बेत साधा होता. महिपतरावांच्या डब्यांकडून त्यांच्या सगळ्या वाटा रविवारी सकाळीच आपल्याकडे येतील, आपली एकही वाट त्यांच्याकडे जाणार नाही. ते गडबडले की आपण त्यांच्याकडे आपल्या वाटा जपून, मोजून, हव्या तेवढ्याच हाताने लिहून देऊ. सोमवारी साहेबांनी विचारलं की दोन्ही जाळी कोणाला कळतात, तर एकच माणूस उभा राहील. बेत काही फार सभ्य नव्हता. पण श्योपूरचं तिकीट दिसायला लागलं की सभ्यपणा आपोआप मागच्या बाकावर जाऊन बसतो.

रविवारी सकाळी सिटी सेंटरच्या हॉलमध्ये दोन टेबलं लावली होती. एकावर श्रीपाद, एकावर महिपतराव, दोघांच्या पाठी एकमेकांकडे. मध्ये वनमाला. ही विलीनीकरणाचं काम बघायला नेमलेली अधिकारी, माधवगंजातच वाढलेली, हुशार बाई. पण तिचं निम्मं वाक्य मराठीत उठायचं आणि हिंदीत जाऊन बसायचं. तिला वाटलं होतं आपण देखरेख करायला आलोय. पहिल्या पाच मिनिटांत तिच्या लक्षात आलं की आपण निरोप्या आहोत. दोघं एकमेकांच्या हाताच्या अंतरावर बसून तिला सांगत होते की त्यांना सांगा.

खाती सगळी आदल्या दिवशीच सिटी सेंटरच्या सर्व्हरवर नेली होती. शाखांमध्ये माणसं मुद्दाम बोलावून बसवली होती. तार जोडली. श्रीपादने पडद्याकडे पाहिलं, आणि महिपतरावांच्या वाटांची एकही ओळ त्याला दिसली नाही.

तार गेली असेल म्हणावं तर दिवा हिरवा. त्याने पलीकडच्या डब्याला हाक मारून बघितली, डब्याने चटकन ओ दिली. म्हणजे तार जिवंत, डबा जिवंत, आणि वाटा मात्र शून्य. असं कसं होईल? त्याने तार बदलली. डबा बंद करून चालू केला. पुन्हा हिरवा दिवा, पुन्हा ओ, पुन्हा शून्य.

मग फोन सुरू झाले. डबऱ्यात काही उघडत नाही. मुरैनात उघडत नाही. भिंडात मात्र सगळं मजेत. भिंडातच का, हे कोणाला सांगता येईना. श्रीपादलाही येईना, आणि तो सगळ्यांना सांगत होता की काळजी करू नका, बघतोय. बरंच डोकं खाजवल्यावर त्याला आठवलं की महिन्याभरापूर्वी चाचणीसाठी भिंडची वाट दोन्हीकडे हाताने लिहिली होती, ती तशीच राहिली होती. चला, एक कोडं सुटलं. पण सुटून उपयोग काय, बाकीची तशीच.

तेवढ्यात वनमालाने निरोप आणला. महिपतराव विचारत होते की माधवगंजचा डबा चालू आहे ना, कारण त्यांच्याकडे त्या तारेवर शेजारीच दिसत नाही. श्रीपादला मनातल्या मनात गुदगुल्या झाल्या. दिसणार कसा, मी गप्प ठेवलाय त्याला. पण लगेच राग आला. मी गप्प आहे तो आहे, यांना बोलायला काय झालं? तो वनमालाला म्हणाला, त्यांना सांगा, आमच्याकडे सगळं चालू आहे, तुम्हीच काही पाठवत नाही आहात. वनमाला वळली आणि सांगितलं. महिपतरावांनी तिला सांगितलं, मी तर सगळं सोडून ठेवलंय, कुठेही अडवलेलं नाही. ती परत वळली.

“सर, ते म्हणतायत की उनकी तरफ से सब खुला है.”

खुलं आहे म्हणे. श्रीपादचा यावर कणभरही विश्वास बसला नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. स्वतः लपवत होता ना, मग दुसराही लपवतोय हे त्याने धरूनच टाकलं. महिपतरावांनाही हीच युक्ती सुचली असणार, त्यांनीही तोंड दाबून धरलं असणार, म्हणूनच काही येत नाही. वर साळसूदपणे विचारतात शेजारी कुठे आहे. केवढा कावेबाज माणूस, आणि आपण याच्याबरोबर इतकी वर्षं फिरायला जात होतो.

आता तो चिडला, आणि चिडलेल्या माणसाने राउटरला हात लावू नये. तो वाटा हाताने लिहायला बसला. डबऱ्यापासून सर्व्हरपर्यंतची वाट लिहिली. डबऱ्याहून फोन आला की नाव-पासवर्ड जातो, पुढे चक्र फिरत राहतं. निरोप पोहोचत होता, उत्तर परत येत नव्हतं. येणार कुठून, सिटी सेंटरच्या डब्याला डबरा कुठे आहे हे माहीतच नव्हतं, आणि ते माहीत होऊ नये अशी तजवीज श्रीपादनेच केलेली. मुरैनाची वाट त्याने घाईत गोहदवरून लिहिली. गोहदची आधीच मुरैनावरून लिहून ठेवली होती. झालं, दोन्ही गावांना चकवा लागला. मुरैनाचा निरोप गोहदला जायचा, गोहद त्याला परत मुरैनाला पाठवायचा, आणि असं फिरून फिरून बिचारा मध्येच कुठेतरी मरायचा. श्रीपादने ती ओळ खोडली तर तिच्याबरोबर भिंडचीही खोडली गेली. सकाळी जे चालत होतं तेही आता चालत नव्हतं. एक ना धड, भाराभर चिंध्या.

दुपार झाली. वनमालाने दोघांना जेवायला सांगितलं, दोघांनीही नको म्हटलं. डबऱ्याच्या मॅनेजरचा फोन आला. उद्या सकाळी पेन्शनवाले दारात उभे राहतील, त्यांना काय तोंड दाखवू, एवढंच विचारून त्याने फोन ठेवला. श्रीपादची पाचावर धारण बसली. आता नुसती खुर्ची जाणार नव्हती. जाळं बुडालं कोणाच्या बाजूला असं कोणी विचारलं, तर बोट त्याच्याकडे येणार होतं. आणि आपण नेमकं काय चुकलो हे त्याला अजून कळत नव्हतं, हे सगळ्यात वाईट. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. डब्याशी त्याची भाषा जुळायची. आज डबा त्याच्याशीच अबोला धरून बसला होता.

कोपऱ्यात त्याने माधवगंजहून आणलेले दोन जादा डबे पडले होते. महिपतराव लबाडी करतायत हे वनमालापुढे सिद्ध करायचं, या हट्टाने त्याने ते दोन्ही एकमेकांना जोडले. दोघं लगेच एकमेकांना ओळखून वाटा सांगायला लागले. मग त्याने एकाला पॅसिव्ह केलं. आता बघा म्हणावं, हा बोलणार नाही, पण त्या दुसऱ्याचं सगळं याला ऐकू येत राहील.

आणि त्या मुक्या डब्याच्या यादीतून दुसऱ्याच्या सगळ्या वाटा गेल्या. एकही उरली नाही.

त्याने पॅसिव्ह काढलं, वाटा आल्या. पुन्हा लावलं, गेल्या. तीन-चार वेळा केलं. मग निमूटपणे पुस्तक उघडलं आणि ते न वाचलेलं प्रकरण वाचलं. चार ओळींत होतं सगळं. नव्या पद्धतीत डबे ओरडत नाहीत. आधी एकमेकांना रामराम करतात, आणि करत राहतात. जो उलट रामराम करतो त्याला शेजारी म्हणायचं, आणि खबर द्यायची ती शेजाऱ्याला. इथे पॅसिव्ह केलं की डबा रामराम करणंच सोडतो. मग दुसरा त्याला शेजारी धरत नाही आणि काही सांगतही नाही. जुन्या पद्धतीतला मुका ऐकू शकायचा. नव्या पद्धतीतला मुका बहिराही असतो.

म्हणजे सकाळपासून महिपतराव खरंच सगळं उघडं ठेवून बसले होते. दार इकडून लावलेलं होतं, आणि आतून कडी घालून श्रीपादच बाहेरच्याला शिव्या देत होता. त्याला लाज वाटली. साधी नाही, कानशिलं तापण्याइतकी.

पण लाज वाटली म्हणून श्योपूर काही दूर गेलं नाही. कडी काढली की माधवगंजच्या सगळ्या शाखा, वीस वर्षं जपलेली एकेक वाट, क्षणात महिपतरावांच्या पडद्यावर जाणार. मग त्यांना श्रीपादची गरज काय? आणि कडी नाही काढली तर उद्या डबऱ्यात म्हातारी माणसं उन्हात उभी. तो बराच वेळ कीबोर्डवर हात ठेवून बसला. वनमालाने विचारलं, सर, बरं वाटत नाही का? त्याने मान हलवली, हो की नाही ते त्यालाही ठाऊक नव्हतं. मग त्याने पॅसिव्हची तेवढी एक ओळ काढून टाकली.

पडद्यावर महिपतरावांच्या वाटा भराभर उतरायला लागल्या. डबरा उघडलं. मुरैना, गोहद, सगळी एकामागोमाग. फोन पुन्हा वाजायला लागले, पण आता आवाज वेगळे होते. पाठीमागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि महिपतराव वनमालाला म्हणाले, “सांग त्यांना, शेजारी दिसला.” एवढं बोलून ते थांबलेही नाहीत. पिशवी उचलली आणि जवळजवळ पळतच जिना उतरून गेले.

जिंकलेला माणूस असा पळतो का? श्रीपादला काही उमगेना. त्याने चष्मा पुसला आणि वनमालाला म्हणाला की जाऊ दे, खुर्ची त्यांना लखलाभ असो. वनमाला त्याच्याकडे बघतच राहिली. कुठली खुर्ची, असं तिने विचारलं. तो म्हणाला, उद्या ठरणार आहे ती.

“सर, ती तर कधीच ठरली,” वनमाला म्हणाली. “तुम्हालाच मिळालीये. महिपतराव सर तो जा रहे हैं, परवा. उन्होंने ही तो आपका नाम दिया. आपको सच में नहीं पता?”

त्याला पत्ता नव्हता. तिने मग चाचरत सगळं सांगितलं. शांताताईंची फुप्फुसं निकामी होत आली होती. हिवाळ्यापासून घरात ऑक्सिजनचं मशीन होतं. मुलगी इंदूरला, तिथे मोठ्या डॉक्टरकडे नाव घातलेलं, म्हणून महिपतरावांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. साहेबांनी विचारलं की तुमच्या जागी कोण, तर म्हणाले, माधवगंजचा श्रीपाद, दुसरं कोणी नको, शाखा न् शाखा त्याच्या बोटांवर आहे. दोन्ही बँकांत सगळ्यांना माहीत होतं. आजचं काम तेवढं पुरं करून जातो, म्हणून ते आले होते.

मग मला कोणी सांगितलं का नाही, असं श्रीपादने विचारलं. वनमाला ओशाळली. तुमच्यासमोर त्यांचं नाव काढायची कोणाची हिंमत होत नाही सर, असं ती म्हणाली. आणि आम्हाला वाटलं तुम्हाला घरून कळलं असेल, मॅडम तर रोज तिथे असतात.

मॅडम म्हणजे इंदुताई. श्रीपाद स्कूटर काढून निघाला. वाटेत दोनदा वळण चुकला, रोजच्या रस्त्यावर. आपण गप्प असलो तरी कान उघडे ठेवलेत, गावात काय चाललंय ते आपल्याला सगळं कळतं, असा त्याचा पक्का समज होता. कोणाच्या प्रमोशनपासून कोणाच्या भाडेकरूपर्यंत त्याला सगळं ठाऊक असायचं. आणि दोन गल्ल्या पलीकडे वहिनींना श्वास घेता येत नव्हता, ते नाही.

घरी इंदुताई डब्यात मऊ भात भरत होत्या. त्याच्याकडे बघून त्यांना कळलं की कळलंय. तो ओरडायच्या तयारीने आला होता, पण ओरडणं काही जमलं नाही. मला का सांगितलं नाहीस, एवढंच तो कसाबसा बोलला.

“तुम्हीच म्हणाला होतात, त्या घरची खबर कानावर यायला नको,” इंदुताई म्हणाल्या. “दोनदा विषय काढला मी. दोन्ही वेळा तुम्ही ताटावरून उठलात. मग सोडून दिलं.”

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, दमणूक होती, आणि तीच त्याला जास्त लागली. त्याला ती दोन ताटं आठवेनात. दोनदा आपण जेवण टाकून उठलो, आणि ते आपल्याला आठवतसुद्धा नाही. इंदुताईंनी झाकण लावून डबा त्याच्या हातात दिला. आज तुम्ही न्या, म्हणाल्या.

महिपतरावांचं दार उघडंच होतं. बाहेरच्या खोलीत खोकी बांधून ठेवलेली, भिंती उघड्या. आतल्या खोलीचं दार दिसत होतं. पलंगावर उशांना टेकून शांताताई बसल्या होत्या, इतक्या बारीक की क्षणभर त्याने दुसरंच कोणी समजून नजर काढून घेतली. नाकाला नळी, शेजारी मशीन घुरघुरत होतं. महिपतराव दोरीचा बिंडा हातात घेऊन उभे होते. त्यांनी श्रीपादकडे पाहिलं, मग डब्याकडे पाहिलं.

बोलायचं श्रीपादने, हे उघड होतं. स्कूटरवर त्याने चार वाक्यं जुळवली होती. माझं चुकलं हे त्यात होतं, अक्षतेचं होतं, आज मुक्या केलेल्या राउटरचंही होतं. उंबऱ्यात उभं राहिल्यावर त्यातलं एकही आठवेना. सवयीने त्याच्या तोंडून निघालं ते असं.

“वहिनी, त्यांना सांगा, मी आलोय.”

महिपतरावांनी खाली बघितलं. सवय त्यांनाही होतीच. दोरी हातातल्या हातात गुंडाळत तेही आतल्या खोलीकडे वळून म्हणाले, “शांता, त्याला सांग, बस म्हणावं.”

शांताताईंनी एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं. बोलण्याआधी त्यांना श्वास गोळा करावा लागला, आणि मध्येच तो पुरेना म्हणून थांबावं लागलं.

“तुमचं तुम्ही बोला,” त्या म्हणाल्या. “मला आता... धाप लागते.”

मशीन घुरघुरत राहिलं. श्रीपाद डबा धरून तिथेच उभा होता. महिपतरावांनी एक खोकं पायाने बाजूला सारून त्याला बसायला जागा केली. तो बसला, तेही समोर बसले, आणि आता सुरुवात कोणी आणि कुठून करायची हे दोघांनाही कळेना.